मिठावर भाजलेली नानकटाई

तूप आज मनासारखं थिजलंय. श्रावणातला रविवार, दुपारचे अडीच, सकाळपासूनची रिपरिप अजून थांबलेली नाही. आणि सांगलीच्या गावभागातल्या या स्वयंपाकघरात वहिनी पाटावर बसून परातीत तूप फेसताहेत. परातीखाली ओलं फडकं घातलंय, म्हणजे ती फिरत नाही. तळवा तुपावर दाबून पुढे न्यायचा, गोल फिरवत मागे आणायचा. सुरुवातीला तूप पिवळसर होतं, हाताला रवाळ लागत होतं. मग कणी मोडली, रंग उतरायला लागला, आणि आता ते जवळजवळ पांढरं झालंय. वाटीभर घेतलं होतं ते फुलून परातभर पसरलंय.

"बोट लावून बघा," वहिनी मला म्हणतात.

मी लावते. आधी गार लागतं आणि लगेच बोटावर विरघळतं.

"झालं. आता साखर सोडा, पण एकदम नको."

बाई चाळणीतून पिठीसाखर भुरभुरवतात. बाई म्हणजे आमच्यातल्या शाळेतल्या बाई. नववीला विज्ञान शिकवतात आणि सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणते. बँकेतली मैत्रीण ओट्याशी उभी राहून वेलची कुटतेय. अर्धं जायफळ किसणीवर किसून तिने वाटीत तयार ठेवलंय. वहिनींची सहावीतली मुलगी मैदा चाळतेय आणि चाळताना नाकाच्या शेंड्यापर्यंत पांढरी झालीय. माई, म्हणजे वहिनींच्या सासूबाई, दाराशी खुर्ची टाकून बसल्यात. त्यांच्याकडे काम एकच, बेदाणे निवडायचं. तासगावचे हिरवट, लांबट बेदाणे. बँकेतलीच्या माहेरच्या द्राक्षबागेतले. तासगावात बेदाण्याचा मोठा बाजार भरतो, पण घरच्या बागेतला पसाभर मैत्रिणीसाठी पिशवीतून येतो तो वेगळाच. माई एकेक काडी खुडून टाकताहेत.

प्रमाण वहिनींच्या तोंडावर आहे. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दीड वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन, पाव वाटी बारीक रवा, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ. वाटी कुठलीही घ्या, पण सगळ्याला तीच. वाटीच्या मापावरून आठवतं ते कमलाबाई ओगल्यांचं पाककृतींचं पुस्तक, 'रुचिरा'. ते १९७० साली निघालं. कमलाबाई मूळच्या याच जिल्ह्यातल्या, कुंडलच्या. त्यांनी वाटी-चमच्याच्या मापाने पदार्थ सांगितले आणि नव्याने संसार मांडणाऱ्या किती मुलींचा हात धरला! माईंची पहिली प्रत हळदीच्या डागांची होती. ती आता नाही. कपाटात आहे ती नंतर घेतलेली.

कोरडी पिठं एकत्र होऊन परातीत पडतात. आता वहिनींच्या हाताची चाल बदलते. मघाशी जोर होता, आता बोटांच्या टोकांनी नुसतं एकत्र करणं.

"मळायचं नाही," त्या मुलीला सांगतात. "चपातीची कणीक नव्हे ही. गोळा झाला की हात काढायचा."

"का?" मुलगी विचारते, आणि बाईंना हेच हवं असतं.

"मैद्यात पाणी घालून मळलं की त्यात चिवट तंतू धरतात. पावाला ते लागतात. इथे पाणी नाहीच, आणि मैद्याचा कण न् कण तुपाने माखलाय. तंतू धरायला वावच नाही. म्हणून ती तोंडात विरघळते."

गोळा जरा कोरडा वाटतोय. वहिनी घाईने दूध घालत नाहीत. झाकून बाजूला ठेवतात. दहा मिनिटांत रवा तूप पिऊन घेतो आणि गोळा आपोआप जुळून येतो.

तोवर कढई. ही कढई मला फार आवडते. जाड बुडाची, कानांशी काळी पडलेली, तळणीतून निवृत्त झालेली. तिच्या तळाला बोटभर जाडीचं खडेमीठ पसरलंय. मीठ पूर्वी पांढरं होतं, आता राखाडी झालंय, कारण तेच ते पुन्हा पुन्हा वापरलं जातं. त्यावर लोखंडी अडणी, वर घट्ट बसणारं झाकण. गॅस मध्यम आणि दहा मिनिटं नुसतं तापू द्यायचं. मीठ उष्णता धरून ठेवतं आणि सगळीकडे सारखी पोचवतं. ते जळत नाही, आणि वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, तेवढी आच आपल्या शेगडीवर कढईतल्या मिठाला लागतच नाही. वाळूही चालते. फक्त नॉनस्टिक कढई यासाठी घेऊ नये. ती अशी रिकामी तापवायची नसते.

या घरात ओव्हन होता. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेलं आणि गावभागातल्या घराघरात शिरलं. ओव्हन गेला, मिक्सर गेला, कपाटातली पुस्तकं गेली, त्यात 'रुचिरा'ही. वहिनींचं सगळं घर तेव्हा विश्रामबागेत बाईंकडे राहिलं. दोन खोल्यांच्या त्या घरात एका कुकरवर सगळ्यांचा भात व्हायचा. घरी परतल्यावर आधी भिंती, मग गाद्या, मग भांडी, असं एकेक करत संसार पुन्हा उभा राहिला, आणि ओव्हनची पाळी काही आली नाही. मग एका संध्याकाळी बाईच पिशवीत किलोभर खडेमीठ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, कढई काढा. तेव्हापासून हे चालू आहे.

आजही पाणी चढतंय का, हे मधूनमधून पाहिलं जातंच. पावसाळ्यात सांगलीत कुणाच्याही घरात बसा, अर्ध्या तासात कुणीतरी विचारणारच.

"आयर्विनला किती?"

बँकेतली फोन बघते. "चोवीस."

"मग बरंय." इशारा पातळी चाळीस, धोका पंचेचाळीस. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. वहिनी परत परातीकडे वळतात.

गोळ्यातून सुपारीएवढे भाग तोडून मुलगी तळव्यावर गोल करते, हलकेच दाबते. चपटं करायचं नाही, नुसतं डोकं दाबायचं. कडेला चीर पडली तर पडू द्यायची. प्रत्येकावर पिस्त्याची एक चकती. तुपाचा हात लावलेल्या स्टीलच्या ताटलीत लांब लांब मांडायच्या, कारण त्या फुलतात, पसरतात. पहिल्या ताटलीत सातच मावतात. मुलगी आठवी बसवायला बघते. वहिनी ती उचलून बाजूला ठेवतात.

झाकण उघडलं की कढईतून कोरडी वाफ चेहऱ्यावर येते. सांडशीने ताटली अडणीवर, झाकण बंद, गॅस बारीक. बँकेतली फोनवर पंधरा मिनिटांचा गजर लावते.

दुसऱ्या शेगडीवर माझं काम चाललंय, रव्याचा केक. श्रावण असल्याने अंड्याचा प्रश्नच नाही आणि या केकला ते लागतही नाही. दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी दही, सव्वा वाटी साखर, अर्धी वाटी वितळलेलं लोणी आणि लागेल तसं दूध, असं मी आल्याआल्या कालवून ठेवलं होतं. आता रवा दही पिऊन टंच झालाय आणि पीठ घट्ट आलंय, म्हणून आणखी थोडं दूध. माईंनी निवडलेले बेदाणे चमचाभर मैद्यात घोळवून घेते, म्हणजे ते तळाशी बसत नाहीत. काही बसतातच, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. सगळ्यात शेवटी दीड चमचा बेकिंग पावडर आणि अर्ध्याहून कमी सोडा. सोडा पडताच दही उसळतं, पीठ फसफसून वर येतं आणि मुलगी ओट्यावर वाकते.

"दह्यातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो," बाई म्हणतात, "आणि तो वायू पळून जायच्या आत आपण भांडं आत ठेवायचं. म्हणून आता गप्पा नकोत, घाला."

मी घालते. जुना कुकर, तोही तळाला मीठ घालून तापवलेला. आत पाण्याचा थेंब नाही, झाकणाची रिंग काढलेली, शिट्टी काढलेली. हे तीनदा बघायचं. रिंग आणि शिट्टी काढली की कुकर म्हणजे नुसतं झाकणाचं जाड भांडं. बारीक गॅसवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं आणि तोवर उघडून बघायचं नाही. मध्येच गार हवा लागली की केक मधोमध बसतो.

माई बोलायला लागतात. त्यांच्या लहानपणी नानकटाई घरी भाजतच नसत. सुट्टी लागली की रवा, मैदा, साखर, तूप असं सगळं सामान घेऊन भट्टीवर जायचं. तिथे मोठ्या परातीतून कालवणं चालायचं. पत्र्याच्या ट्रेवर नानकटाया मांडून लांब दांड्याच्या लाकडी फळीने आत सरकवायच्या. आपला नंबर येईपर्यंत पोरं पायरीवर बसून असायची. "घरी येईस्तोवर डबा कोमटच असायचा. आणि वाटेत भेटेल त्याच्या हातावर एकेक. घरी पोचेपर्यंत वरचा थर संपलेला."

बाई मुलीला सुरतेची गोष्ट सांगतात: डच व्यापाऱ्यांची तिथली बेकरी, ते गेल्यावर ती चालवणारे फरामजी पेस्तनजी दोतीवाला, आणि तिथून घडत गेलेली ही नानकटाई. मुलीला सुरतपेक्षा कढईत रस आहे. तिची नजर झाकणावर आहे.

गजर वाजतो. वहिनी झाकण उचलतात आणि तूप-वेलचीचा वास घरभर होतो. सात नानकटाया फुलल्यात, माथ्यावर भेगा पडल्यात. वरून फिकट आहेत. कढईत आच खालून असते, वरचा रंग येत नाही. तो यावा म्हणून जास्त वेळ ठेवलं तर खालून करपतात. वहिनी उलथन्याच्या टोकाने एक उचलून तळ दाखवतात. सोनेरी, कडेला किंचित गडद. झालं.

मुलगी बोटाने दाबते. "आई, कच्ची आहे. मऊ लागतेय."

"गरम असताना मऊच असते. हात लावू नको. ताटलीतच गार होऊ दे, मग उचल."

फार जणांची नानकटाई इथेच बिघडते. मऊ लागली म्हणून परत आत ठेवतात आणि मग ती दगड होते. दहा मिनिटं धीर धरायचा, बस्स. दुसऱ्या ताटलीला वहिनी बाराच मिनिटं देतात, कारण कढई आता मुरलीय.

मधल्या वेळात बाईंचे दडपे पोहे. त्यांचं माहेर राजापूरकडचं आणि या पदार्थाला चूल पेटवावी लागते ती फक्त फोडणीपुरती. पातळ पोहे निवडून मोठ्या पातेल्यात. भिजवायचे नाहीत, धुवायचेही नाहीत. त्यावर ओल्या नारळाचा चव, हात आखडता न घेता. बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, साखर, लिंबू. नारळ फोडताना वाटीत धरलेलं पाणी वर शिंपडायचं आणि हाताने चुरायचं. माईंचा चातुर्मास, त्या कांदा खात नाहीत. त्यांच्यासाठी बाई वेगळ्या पातेलीत कांद्याऐवजी कोवळी काकडी कोचवून घालतात आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडतात. मग ताटलीने झाकून वर वरवंटा. पोहे नारळाच्या आणि कांद्याच्या ओलाव्यावरच मऊ होतात. वीस मिनिटांनी मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, शेंगदाणे घातलेली फोडणी वरून. चर्र आवाज होतो आणि माई म्हणतात, "आता कसं जेवायला बोलावल्यासारखं वाटलं."

घरी माणसं बोलवणं आपण फार अवघड करून ठेवलंय, असं मला मनापासून वाटतं. बोलवायचं म्हटलं की आधी दोन भाज्या, पनीर, पुलाव, गोडाचं बाहेरून, असा बेत होतो. मग घर आवरणं, मग दमणूक, मग पुढच्या वेळी 'बाहेरच भेटू या'. हॉटेलात दीड तासाने पुढची माणसं टेबलाशी येऊन उभी राहतात आणि आपण उठतो. इथे तसं नाही. इथे यजमानीण एकटी घामाघूम होत नाही. एकीने चाळायचं, एकीने कुटायचं, एकीने निवडायचं. आणि पदार्थ असे की ते थांबतात. नानकटाई गार होत असते, केक कुकरमध्ये असतो, पोहे दडपलेले असतात. त्या थांबण्याच्या वेळात बोलणं होतं. बँकेतलीची बदली रत्नागिरीला होणार होती, ती टळली, हे तिने मघाशी वेलची कुटताकुटता सांगितलं. बाईंच्या भावाची तब्येत बरी नाही, हे नारळ खवताना निघालं. टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून हे बोलणं झालं असतं का, मला शंका आहे. हात कामात असले की माणूस मोकळं बोलतो.

सव्वाचार. केकचा वास आधी येतो, मग मी गॅस बंद करते. माईंची विणायची सुई धुऊन तयार आहे. मधोमध खुपसते, वर काढते. सुईला पीठ नाही, नुसता लोण्याचा ओलसरपणा. कडा भांड्यापासून सुटल्यात. वर रव्याचा खडबडीतपणा आहे, मधूनमधून बेदाणे फुगून काळपट झालेत. भांडं उपडं करायची घाई नाही. गार झाल्यावर सुरी फिरवून एका धक्क्यात निघेल.

पोह्यांवर पोह्याचे पापड चुरून घालायचे, ते मुलीचं काम. ताटल्या कुणाच्या घरच्या कुठल्या याचा आता हिशेब नाही. बाईंची पितळी वाटी गेल्या पावसाळ्यापासून इथेच आहे आणि वहिनींचा डबा माझ्याकडे. चहा आल्याचा. पहिली नानकटाई माईंच्या हातावर. त्या ती चावत नाहीत, जिभेवर ठेवून टाळूला दाबतात आणि डोळे मिटतात. सगळ्या त्यांच्याकडे बघताहेत.

"तूप नीट फेसलंय," माई म्हणतात.

वहिनींचा चेहरा खुलतो. यापुढे कुणाचं प्रशस्तिपत्रक त्यांना लागत नाही.

इतक्यात जिन्यावर चपला वाजतात. वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या दोघी मुली दारात उभ्या आहेत. लातूरकडच्या, शिकायला आलेल्या. एकीच्या हातात छत्री निथळतेय.

"वहिनी, वास वरपर्यंत येतोय हो," एक म्हणते आणि लाजते.

"मग उभ्या काय? या आत. पाय पुसा."

दोघी बसतात. पोहे संपतात, केकचे दोन-दोन तुकडे संपतात. त्यातली उंच मुलगी सारखी कढईत डोकावतेय. तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस गुरुवारी आहे. बाहेरून केक आणायचा तर परवडत नाही. खोलीत एकाच बर्नरची शेगडी आहे, ओव्हन नाही, काहीच नाही.

"कढई आहे?" वहिनी विचारतात.

"आहे. भाजीची. जाड आहे."

"झाकण?"

"ताट ठेवतो वर."

"चालेल. ताटावर काहीतरी जड ठेवा."

परातीत अजून एका ताटलीचा गोळा उरलाय. वहिनी तो तिच्यापुढे सरकवतात. ती हात धुऊन येते, पहिला गोळा फारच मोठा तोडते. आमची सहावीतली तिला सुपारीएवढा करून दाखवते, जणू ही जन्मभर हेच करत आलीय. दाबताना चीर पडते आणि लातूरची मुलगी घाबरून वहिनींकडे बघते.

"पडू दे, पडू दे. तीच हवी."

ताटली आत जाते. सांडशी तिच्याच हातात. बाई तिच्या वहीच्या मागच्या पानावर केकचं प्रमाण लिहून देताहेत, 'रिंग व शिट्टी काढणे' याखाली दोन रेघा ओढून. बँकेतली उरलेले बेदाणे पुडीत बांधते. वहिनी फडताळातून खडेमिठाची नवी पिशवी काढतात आणि अर्धी तिच्या डब्यात ओततात.

"हे परत आणून द्यायचं नाही. तुझ्याच कढईत राहू दे. जेवणात मात्र वापरायचं नाही हं."

"आणि गॅस?"

"आधी दहा मिनिटं मध्यम, रिकामी कढई. मग बारीक. गुरुवारी क्लासवरून किती वाजता येतेस?"

"साडेपाचला."

"मग सकाळीच रवा भिजवून माझ्या फ्रिजमध्ये ठेवून जा. दही मी विरजते."